भांडण त्यांचं, प्रश्न आपला

भाजपात दोन गट आहेत असं बाजाराच्या दिवशी कानावर यायचं. वाजपेयी मवाळ, अडवाणी कडक, असं लोक सांगायचे. मवाळ-कडक या मापानं आपलं काम होणार नाही. भांडण कशावरून होतं ते बघा.

1980 साली पक्ष निघाला. वाजपेयी अध्यक्ष. त्यांनी गांधीवादी समाजवाद पुढं केला. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांना तो समाजवाद नको होता, त्यांनी उघड विरोध केला. 1984 ला लोकसभेत दोनच जागा आल्या. मग दीनदयाळ उपाध्याय यांचा एकात्म मानववाद परत वर आला आणि 1986 ला अडवाणी अध्यक्ष झाले.

जुन्या जनसंघातही हेच होतं. 1969 ला बँका सरकारी झाल्या, पुढं राजांचे तनखे बंद झाले. बलराज मधोक अशा धोरणाच्या विरोधात, वाजपेयींचा सूर वेगळा. शेवटी 1973 ला मधोकांना पक्षाबाहेर काढलं.

आपल्या कामाची गोष्ट राजस्थानची आहे. 1952 ला तिथं जनसंघाचे आमदार निवडून आले, त्यांत बरेच जहागीरदार. जहागिरी मोडा, असं पक्षाच्याच जाहीरनाम्यात होतं. कायद्याची वेळ आली तेव्हा या आमदारांनी जाहीरनामा सोडला अन् जहागीर धरली. पक्षानं त्यांना काढलं. भैरोंसिंह शेखावत मात्र कायद्याच्या बाजूनं राहिले. म्हणजे भाषणावरून माणूस कळला नाही, जमिनीचा प्रश्न आला तेव्हा कळला. काँग्रेसवाल्यांनाही हेच माप लावा.

आणखी एक. त्यांच्यात कितीही गट असोत, दोन्हीकडचे लोक आपल्याला 'वनवासी' म्हणतात. वनवासी म्हणजे रानात राहणारा. त्याला फॉरेस्टवाला उद्या ऊठ म्हणेल. आदिवासी म्हणजे आधीपासूनचा, जमिनीचा हक्कदार. या शब्दावरून त्यांच्यात भांडण झालेलं आपण ऐकलं नाही.

म्हणून पाड्यावर कोणीही मत मागायला आला तर तीन प्रश्न विचारा. एकसाली प्लॉट नावावर करणार का? जंगलखात्यानं घातलेले खटले मागं घेणार का? आपल्याला आदिवासी म्हणणार का? उत्तर चारचौघांसमोर घ्या, कागदावर सही घ्या आणि तो कागद पाड्याच्या कमिटीकडं ठेवा.