'फुल इन्शुरन्स' म्हणून जे विकलं जातं, ते फुल नसतं!

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे नदीपात्राची, धरणांच्या विसर्गाची चर्चा सुरू होते. दारातल्या गाडीच्या पॉलिसीची चर्चा मात्र कुणीच करत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपला फुल इन्शुरन्स आहे." मंडळी, 'फुल इन्शुरन्स' नावाची पॉलिसीच अस्तित्वात नाही. हा शोरूमच्या काउंटरवरचा शब्द आहे. पॉलिसीच्या कागदात तो शोधून दाखवा.

पुराचंच घ्या. २००५ ची मुंबई, २०१९ चे कोल्हापूर-सांगली, २०२१ चे चिपळूण, २०२४ ची पुण्यातली एकतानगरी. दरवेळी शेकडो गाड्या पाण्यात. साध्या पॅकेज पॉलिसीत 'पूर' हा शब्द असतो, हे खरं. सीट, वायरिंग यांचं नुकसान त्यात धरतात. पण पाणी ओसरल्यावर, किंवा पाण्यात बंद पडल्यावर, तुम्ही चावी फिरवली आणि इंजिनात पाणी खेचलं जाऊन ते जाम झालं, तर कंपनी म्हणते की हे पुरानं झालेलं नुकसान नाही, गाडी सुरू केल्यामुळे झालेलं 'परिणामी नुकसान' आहे. आणि तेच खर्च सगळ्यात मोठा! त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' वेगळं घ्यावं लागतं. पंचगंगेच्या, कृष्णेच्या काठावर गाडी विकणाऱ्याला हे माहीत नसतं का? माहीत असतं. सांगत नाही, कारण मग गिऱ्हाईक प्रश्न विचारतं.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. क्लेम पास झाला तरी पूर्ण बिल मिळत नाही. प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर सरळ ५० टक्के कापतात. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. हिशोब करू. गाडी साडेचार वर्षांची. रंगकाम सोडून बिल ६० हजार: प्लॅस्टिकचे भाग २० हजार, पत्र्याचे ३० हजार, मजुरी १० हजार. प्लॅस्टिकचे १० हजार गेले. पत्र्यावर ३५ टक्के, म्हणजे १०,५०० गेले. वर छोट्या गाडीला सक्तीची १ हजाराची कपात. हातात ३८,५००. खिशातून २१,५००. हाच तो 'फुल'! ही कपात टाळायला 'झिरो डेप' घ्या म्हणतात. पण ते जुन्या गाडीला सहसा मिळत नाही आणि वर्षात किती क्लेम चालतील यालाही बऱ्याचदा मर्यादा असते.

तिसरी गोष्ट तर सरळ दिशाभूल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा झाला. शोरूमवाला सांगतो, "साहेब, तीन वर्षं बघायला नको." बघायला हवं! बहुतेक वेळा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो संपतो. पोलिसांनी अडवलं तर विमा 'चालू' दिसतो, दंड होत नाही, आणि आपण निर्धास्त. गाडी चोरीला गेली की मग कळतं.

आणि माणसांचं काय? मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं ते मालकाच्या नावाचं. गाडी मुलगा चालवत असेल तर त्याला त्यातून काही नाही. नुसती थर्ड पार्टी काढली असेल तर शेजारी बसलेल्या पाहुण्याची जबाबदारी कंपनी झटकते, आणि अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयातही कंपन्या सुटल्या आहेत. पांढऱ्या पाटीची गाडी वडापला लावणाऱ्यांनी तर आपण विम्याबाहेरच आहोत असं धरून चालावं.

कंपन्यांचं उत्तर तयार आहे: "पॉलिसीत सगळं लिहिलेलं असतं, वाचायचं होतं." कुठल्या भाषेत? कुठल्या अक्षरात? वकिलालाही दोनदा वाचावी लागतील अशी इंग्रजी वाक्यं बारीक टायपात छापायची आणि वर गिऱ्हाईकाला निष्काळजी म्हणायचं? दुसरं उत्तर: "सगळं घातलं तर हप्ता वाढेल." वाढू दे ना! किती वाढेल ते सांगा, आम्ही ठरवू. थोडा जास्त हप्ता आणि लाखाचं इंजिन यातलं काय निवडायचं, एवढं गणित आमच्या माणसाला येतं. त्याला ते मांडून दाखवलं जात नाही, ही तक्रार आहे.

म्हणून मागणी साधी आहे. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात 'काय मिळणार नाही' याची यादी द्या. पूररेषेतल्या गावांत इंजिनाचं संरक्षण मूळ पॉलिसीतच घ्या. नको असेल त्यानं लेखी नको म्हणावं. आमदार-खासदार पुरात बोटीतून फोटो काढतात, त्यांनी हे एकदा विमा नियामकापुढे मांडावं.

तोवर आपण काय करायचं? आज पॉलिसी काढा. नुकसानभरपाईचा भाग कधी संपतो आणि इंजिन प्रोटेक्शन आहे का, हे बघा. गाडी पाण्यात गेलीच तर चावीला हात लावू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच.

एजंट ओळखीचा आहे, गावातला आहे म्हणून गप्प बसू नका. त्यालाच विचारा, "दादा, यात काय नाही ते आधी सांग." उत्तर देताना तो अडखळला, तर समजून जा.

गावच्या ग्रुपवर टाका. पाणी चढायच्या आत.