अडीच मीटर रुंदीत सस्पेन्शन

बंगळुरूत 30 बाय 40 फुटांच्या साइटवर बांधलेल्या घरांत गाडीच्या वाट्याला बहुधा जिन्यालगतची, दोन खांबांमधली जागा येते. ती अडीच मीटर रुंद धरली आणि आत स्विफ्टसारखी पावणेदोन मीटर रुंदीची गाडी लावली, तर दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम पाऊण मीटर उरतो. एवढ्यातही सस्पेन्शनचे काही भाग घरी बदलता येतात. कोणते बदलायचे आणि कोणत्या क्रमाने, हे मात्र जागा बघून ठरवावे.

छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुतेक मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना 1950 च्या दशकात फोर्डच्या गाड्यांतून रूढ झाली. भारतात ती 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मुळे घरोघरी पोचली. यात शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र बसवलेले असतात. खाली लोअर आर्म असतो. त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट आणि दुसऱ्याला रबरी बुश. दोन्ही बाजू अँटी-रोल बारने जोडलेल्या असतात आणि या बारची टोके लिंक रॉडने सस्पेन्शनला जोडलेली असतात.

शहरातल्या रस्त्यांवर आधी झिजतात ते बुश आणि लिंक रॉड. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर लांबीचा आणि 10 सेंटिमीटर उंचीचा, हलक्या चढाचा हवा. गल्लीबोळात रहिवाशांनी घातलेले उंचवटे आखूड आणि उभट असतात, त्यामुळे चाक एकदम खाली आदळते. अशा उंचवट्यावर हळू जातानाही खटखट आली, तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. ब्रेक लावताना ठोका जाणवला किंवा गाडी बाजूला ओढली, तर लोअर आर्मचा बुश तपासावा. शॉकअपवरून तेल ओघळले असेल, तर तो संपला. शॉकअप नेहमी जोडीनेच बदलावेत. बंगळुरूच्या जे. सी. रोडवर सुटे भाग घेताना गाडीचा चॅसी नंबर सोबत असावा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतल्या लोअर आर्ममध्येही फरक निघतो.

लिंक रॉड आणि लोअर आर्म ही घरी करण्याजोगी कामे आहेत. स्ट्रटमधून स्प्रिंग काढणे हे मात्र घरचे काम नव्हे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये काही शे किलोंचा जोर साठलेला असतो. ती दाबून धरणारा कॉम्प्रेसर निसटला तर बाजूला व्हायला मोकळी जागा लागते, आणि अरुंद गॅरेजात नेमकी तीच नसते. अख्खा स्ट्रट घरी उतरवून स्प्रिंग-शॉकअपची अदलाबदल वर्कशॉपमधून करून आणावी. त्यात हौसही भागते आणि धोकाही टळतो.

गाडी तोंड गेटकडे करून लावावी, म्हणजे पुढच्या चाकांपाशी वावरायला आणि जॅकचा दांडा हलवायला जागा मिळते. एका भिंतीला गाडी चिकटवून दुसरी बाजू आटपावी, मग जागा बदलावी. बंगळुरूत पाण्याचा संप पुष्कळदा याच जागेखाली असतो. संपाच्या झाकणावर किंवा त्यालगतच्या फरशीवर जॅक वा स्टँड ठेवू नये: ती फरशी एका बिंदूवरचे ओझे पेलण्यासाठी नसते, आणि सांडलेले ग्रीस थेट पिण्याच्या पाण्यात उतरू शकते. टाइल्स असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूड घालावे. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

पुढची दोन्ही चाके एकदम उचलावीत. एकच चाक उचलले तर अँटी-रोल बारला पीळ बसतो आणि लिंक रॉडचा बोल्ट काही केल्या भोकात बसत नाही. म्हणून बाजू बदलताना दर वेळी दोन्ही स्टँड पुन्हा लावावे लागतात.

घरच्या कामातली नेहमीची चूक शेवटच्या आवळणीत होते. बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. चाक लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ पडतो आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. मोकळ्या वर्कशॉपमध्ये गाडी चाकांवर उभी करून खालून बोल्ट आवळतात. घरी तेवढी उंची मिळत नाही, तेव्हा लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून, गाडी स्टँडवरून उठू न देता, आर्म नेहमीच्या उंचीपर्यंत वर घ्यावा आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाइतके आवळावे. सेल्फ-लॉकिंग नट दर वेळी नवे वापरावेत.

आर्म किंवा स्ट्रट उघडला की चाकांचे कोन थोडे तरी बदलतात. त्यामुळे गाडी आधी सावकाश चालवून आवाज ऐकावा, मग नट पुन्हा तपासावेत आणि लगेच अलाइनमेंट करून घ्यावी. ते काम यंत्रावरच होते. त्यासाठी गॅरेज कितीही मोठे असले तरी दुकान गाठावेच लागते.