हजेरीत नाव नाही, काम मात्र दिसते

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदावर सही कोणाचीच नसते. पण कोणकोणत्या फायली अडल्या हे पाहिले की कोणाचा हात फिरला ते आम्हाला कळते. वाचकहो, आपल्या शरीरातही असाच एक न दिसणारा हात आहे. त्याचे नाव मायक्रो-आरएनए.

माणसाची सुमारे २० हजार जनुके प्रथिने बनवण्याचे हुकूम देतात. हुकूम नेणाऱ्या चिठ्ठीला संदेशवाहक आरएनए म्हणतात. मायक्रो-आरएनए जेमतेम २२ रासायनिक अक्षरांचा. पण तो ठराविक चिठ्ठ्या गाठून दाबतो, पुष्कळदा नष्टही करतो. अमेरिकेच्या व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली एका बारीक कृमीवरील अभ्यासातून हे जगापुढे मांडले. २०२४ साली त्यांना नोबेल मिळाले.

अडचण अशी, की चिठ्ठ्या मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीत हा चिमुकला सहसा सापडत नाही. मग संगणक चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे करतो. एकात त्याच्या सुरुवातीच्या सहा-सात अक्षरांशी जोडी जमणाऱ्या, दुसऱ्यात न जमणाऱ्या. पहिला गठ्ठा दुसऱ्यापेक्षा एकूणच घटला असेल, तर तो कामावर होता असे अनुमान निघते. एका चिठ्ठीवरून नव्हे, शेकडो चिठ्ठ्यांचा कल पाहून.

२००५ साली अमेरिकेत मेंदूतला असा एक मायक्रो-आरएनए ‘हेला’ पेशींत सोडला. सुमारे शंभर चिठ्ठ्या घटल्या आणि त्यांत जोडी जमणारी तीच अक्षरे आढळली.

या हेला पेशी कोणाच्या? हेन्रिएटा लॅक्स या तंबाखूच्या शेतात राबलेल्या, पाच लेकरांच्या कृष्णवर्णीय माउलीच्या. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात तिला न विचारता त्या घेतल्या गेल्या. वीस वर्षे घरच्यांना पत्ताही नव्हता. तिचेही नाव हजेरीत नव्हते; काम मात्र जगभर दिसत होते.

अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. चिठ्ठ्या दुसऱ्या कारणानेही घटतात, म्हणून शेवटी प्रयोगशाळेत पडताळणी हवीच. पण या मोजण्यांचे आकडे आज इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत; संगणक, गणित आणि चिकाटी लागते. आपल्या घरातली गणितात हुशार मुलगी हे काम करू शकते. तिला एवढे जरूर सांगा, की आकड्यामागे माणूस असतो. त्याचे नाव विसरू नकोस.