शेजारच्या नाताळाला जावं का?

परतूरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. दरवर्षी नाताळात तिकडून ताट येतं, त्यात करंज्या, चकल्या आणि केक. त्या विचारतात, "तो बेकरीतून भाजून आणलेला केक घरी कसा कालवतात? आणि दुसरं म्हणजे, यंदा त्यांच्याकडे सासरे वारले. अशा वर्षी नाताळाला त्यांच्या घरी जावं की न जावं? रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही आणि गोड न्यावं तर त्यांना काय वाटेल?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. मैदा अर्धा किलो, साखर अर्धा किलो, लोणी अर्धा किलो आणि अंडी दहा. साखर आधी दळून घ्यावी. लोणी आणि साखर हात दुखेपर्यंत एकाच दिशेने फेसावं, मग एकेक अंडं घालत जावं. मैद्यात चार लहान चमचे बेकिंग पावडर घालून तो तीनदा चाळावा आणि शेवटी हलक्या हाताने मिसळावा. मनुका, काजूचे तुकडे आणि टुटीफ्रुटी चार दिवस आधी भिजत घालतात. पुष्कळजणी रम घालतात. आमच्या घरात मोसंबीचा रस घालतात, कारण जालन्यात मोसंबीला तोटा नाही. रसात भिजवलेला मेवा मात्र फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर आंबतो. मैद्यात घोळवून मगच पिठात टाकावा म्हणजे तळाशी बसत नाही. डबे लोणी लावून अर्ध्याच्या थोडे वर भरावेत. बेकरीवाल्याकडे पावाचा घाणा निघाल्यावर जावं, तेव्हा भट्टी उतरलेली असते. डब्यावर आपलं नाव खिळ्याने कोरलेलं असलं तर उत्तम. कागदाची चिठ्ठी जळते आणि मग चार घरचे केक एकमेकींकडे जातात.

आता दुसरा प्रश्न. तो वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले, कारण ते वर्ष मी स्वतः काढलं आहे.

आधी आमच्या घराविषयी दोन शब्द सांगते. माझं माहेर छिंदवाड्याचं. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी. आमचं चर्च लूथरन, स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांच्या कामातून उभं राहिलेलं. सासर जालन्याचं. इथली मंडळी मूळ स्कॉटलंडच्या मिशनची. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी, ज्यांचा १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला होता, जालन्यात काम उभारलं. निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल हे गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन बोलून आले. पुढे १९७० साली नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आम्हीही आलो.

गंमत म्हणजे ज्या स्कॉटिश लोकांकडून आम्हाला हा पंथ मिळाला, त्यांच्या देशात १९५८ सालापर्यंत नाताळची सार्वजनिक सुट्टीसुद्धा नव्हती! सण म्हणून नाताळ पाळणं त्यांच्या जुन्या मंडळ्यांना पसंत नव्हतं. मग जालन्याचा नाताळ आला कुठून? माझ्या मते तो इथल्या बायकांनी केला. दिवाळीचा फराळ नाताळात पुन्हा केला, दारात रांगोळी काढली, आणि बाळ येशूसाठी पाळणा म्हटला. बारशाला आपण म्हणतो तसाच, त्याच चालीचा. 'जालना सोने का पालना' अशी म्हण आहे, ती व्यापाऱ्यांनी केलेली असेल. माझ्या सासूबाई मात्र ती नाताळात म्हणायच्या आणि हसायच्या, कारण आमचा पाळणा गव्हाणीचा!

लग्न होऊन आले तेव्हा मी माहेरची एक रीत बरोबर आणली. नाताळच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची, म्हणजे चौथ्या रविवारी चार. ही रीत लूथरन लोकांची. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखेर्न नावाच्या पाळकांच्या आश्रमातली गरीब मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून त्यांनी लाकडी चाक टांगून त्यावर दिवसांच्या मेणबत्त्या लावल्या. चाक कसलं, तर गाडीचं! माझी आई पितळी ताटात गहू पसरून त्यात चार मेणबत्त्या रोवायची. मी तेच केलं. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, "हे काय गं, लाइट गेलेत का?" पण दुसऱ्या वर्षी त्यांनी आपणहून ताट घासून ठेवलं आणि चौथी मेणबत्ती ही त्यांची, असं ठरूनच गेलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सासूबाई गेल्या.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत. हे शास्त्र बायबलमध्ये कुठे नाही. पण धर्म बदलला तरी घरातल्या रीती जुन्याच राहतात, आणि त्यात वाईट काय आहे, मला अजून कळलेलं नाही. आमच्या आत्याबाई, म्हणजे यांच्या सख्ख्या आत्या, तेव्हापासून आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं, "यंदा चांदणी नाही, फराळ नाही, नवे कपडे नाहीत. आणि ते मेणबत्त्यांचं तर नावच काढू नका."

मुलं गप्प झाली. हे पेपरात तोंड घालून बसले. मला राग आला, खोटं कशाला सांगू? शाळेत पाच तास शिकवून यायचं, घरचं बघायचं, आणि वर ज्यांच्यासाठी दुःख पाळायचं त्यांचीच आवडती गोष्ट बंद करायची? मी पाळकांना विचारलं. त्यांच्याकडे आणखी दोन गावांच्या मंडळ्या आहेत, बिचारे सदा मोटरसायकलवर. ते म्हणाले, "चर्चमध्ये उपासना व्हायचीच. घरात काय करायचं ते घराने ठरवावं." म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात!

शेवटी मी आत्याबाईंपाशी बसले आणि सांगितलं, आगमनकाळ हा सण नाहीच. त्या चार आठवड्यांत चर्चमध्ये जांभळं वस्त्र असतं, ते पश्चात्तापाचं आणि वाट पाहण्याचं. लूथरन घरांत जुन्या काळी या दिवसांत लग्नंसुद्धा काढत नसत. मेणबत्ती ही रोषणाई नव्हे, अंधारात बसून वाट पाहताना लागते तेवढाच उजेड आहे. आपण यंदा वाटच पाहतो आहोत ना?

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पहिल्या रविवारी एकच लावतात ना? मग एकच लाव. पुढचं पुढे बघू."

त्या वर्षी पहिला रविवार ३ डिसेंबरला आला आणि चौथा थेट २४ ला, म्हणजे चौथी मेणबत्ती आणि नाताळची रात्र एकाच दिवशी. संध्याकाळी ताट मांडलं, तीन लावून झाल्या, चौथीपाशी मुलं माझ्याकडे बघायला लागली. माझा हात काही पुढे होईना. तेव्हा आत्याबाई उठल्या, काडी ओढली आणि लावून मोकळ्या झाल्या. वर म्हणाल्या, "मेण सांडतंय ताटात, उद्या घासायला मलाच लागेल." रात्री सगळे चर्चला गेलो. आमची मंडळी लहान. तरणी मुलं पुण्याला आणि संभाजीनगरला नोकरीला, ती सुट्टी मिळाली तर येतात. सासूबाई पुढच्या बाकावरून पाळणा उचलायच्या. तो यंदा कुणी उचलावा हे कुणी ठरवलंच नव्हतं. पेटी वाजत राहिली, दोनदा सुरुवातीची ओळ वाजून गेली. मग मागून एका शाळकरी मुलीने सुरू केला, फार वरच्या पट्टीत, आणि आम्ही सगळ्याजणी तिच्यामागे धापा टाकत गेलो.

आता परतूरच्या भगिनीला जे हवं आहे ते सांगते. खरं दुःख मला २५ तारखेला झालं. दरवर्षी त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी दुपारपर्यंत कुणीही आलं नाही. शाळेतल्या मैत्रिणी आल्या नाहीत, पलीकडच्या आळीतल्या आल्या नाहीत. सगळ्यांनी आमचा मान राखला होता, हे मला कळत होतं. "तुमच्याकडे यंदा नसेल ना, म्हणून नाही आलो," असं पुढे चौघी-पाचजणींनी सांगितलं. पण स्वच्छ झाडलेल्या घरात, जुनं लुगडं नेसलेल्या म्हातारीसमोर, मुलांना घेऊन दिवसभर बसणं म्हणजे काय असतं, ते बसल्याशिवाय कळत नाही.

चारच्या सुमाराला शेजारच्या काकू आल्या. हातात झाकलेला डबा. "दिवाळीला तुमच्याकडे करंज्या मी दिल्या, आता नाताळाच्याही मीच देणार. यंदा तुमची कढई बंद ना?" असं म्हणून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा ठेवला. सासूबाईंचं नाव त्यांनीच काढलं. त्या दोघींनी एकदा बेकरीत डब्यांची अदलाबदल करून घेतली होती आणि आमच्याकडे कुणाचा तरी बिनअंड्याचा, विटेसारखा केक आला होता, ती हकीकत त्यांनी पुन्हा सांगितली. आत्याबाई त्या दिवशी प्रथम हसल्या. मुलांनी करंज्या संपवल्या.

म्हणून सांगते, जा. 'हॅपी ख्रिसमस' म्हणायला जीभ रेटत नसेल तर म्हणू नका, नुसतं "कसे आहात" विचारलंत तरी चालेल. गोड न्यायला काहीच हरकत नाही. शोकाच्या घरी शेजाऱ्याने गोड न्यायचं ही तर आपलीच रीत, आणि आमच्यातही तीच आहे. मात्र केक दिसला नाही तर विचारू नका. मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा खाऊ न्या, त्यांचा सण तर बुडालेला असतोच. आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कचरू नका. त्या घरात सकाळपासून ते नाव सगळ्यांच्या मनात असतं आणि कुणीच काढत नसतं.

डबा मात्र तिथेच ठेवून या आणि परत यायला उशीर झाला तर मागू नका. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही रीत आमच्याकडेही आहे, आणि यंदा त्या घरात त्यात भरायला काही केलेलं नसेल.