थंडीची लाट येतेय, वाफे दुपारीच भिजवा

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांच्या काळजीच्या बातम्या येतात. पैशाचं पीक आहे, यायलाच हव्यात. पण त्याच रात्री घरामागच्या चार वाफ्यांतली वांगी-मिरची करपून जाते, मांडवावरचा दोडका उकडल्यासारखा लोंबतो, त्याची बातमी कुणी देत नाही. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबारपासून पार नागपूर-गोंदियापर्यंत ज्यांनी परसात, बांधावर किंवा दहा-वीस गुंठ्यांत भाजी लावली आहे, त्यांना हे सांगणं आहे. औषध-फवारणीचा खर्च यात नाही. लागते ती फक्त वेळेवरची हालचाल.

टीव्हीवर सांगतात तो आकडा तुमच्या वाफ्याचा नसतो, हे आधी ध्यानात घ्या. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर उघड्यावरचं पान त्या आकड्यापेक्षा तीन-चार अंशांनी गार होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी किंवा सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे दव गोठतं, तेव्हाही पेटीतला पारा बहुधा शून्याच्या बराच वर असतो. तेव्हा ‘पाचच तर आहे, बर्फ थोडाच पडणार’ म्हणून निवांत झोपू नका.

हवामान विभागाच्या हिशेबात सपाटीवर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलेलं असलं की थंडीची लाट धरतात. पारा ४ अंशांवर आला तर सरासरी बघायचीही गरज नाही. हा इशारा कानावर पडला की त्याच दुपारी कामाला लागायचं. संध्याकाळी वर बघा. ढग असतील तर रात्र निभावते. लख्ख चांदणं, कोरडी हवा आणि पानही हलत नाही, अशी रात्र वैऱ्याची.

जमीन दिवसभर ऊन खाते आणि रात्री ती ऊब आकाशाकडे सोडते. वर ढग नसले की ऊब अडवायला कुणी नसतं. थंडीपासून भाजी वाचवायची म्हणजे जमिनीत ऊब जास्त साठवायची आणि ती रात्री झाडापाशी अडकवून ठेवायची. बाकीची सगळी युक्ती यातच आली.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा भरलेली असते. ती ऊब साठवतही नाही आणि खालून वर येऊही देत नाही. ओली, दबलेली माती दोन्ही करते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थंडीत हवेपेक्षा उबदारच असतं, त्याचाही हातभार लागतो. पाणी दुपारी द्या, म्हणजे वरचं ऊन मातीत मुरायला दोन-तीन तास मिळतील. वाफा तुंबवायचा नाही, वीतभर खोल ओल झाली की पुरे. ज्यांच्याकडे दिवसा वीज नसते त्यांना हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, हे ठाऊक आहे. त्यांनी वीज येईल तेव्हा ठिबक चालवावं. पहाटेचं पाणीही न देण्यापेक्षा बरंच. फक्त ते मुळाशी द्या. पानांवर पाणी शिंपडून मधेच बंद केलं, तर ते उडून जाताना पानाची उरलीसुरली ऊब घेऊन जातं. तुषार संच पहाटे चालू केलाच, तर ऊन चांगलं वर येईपर्यंत थांबवू नका.

आता एक सांगतो, ते पटायला जड जाईल. थंडीच्या लाटेत खुरपणी-चाळणी करू नका; मोकळी केलेली माती रात्री लवकर गार पडते. वाफ्यावर पाचट किंवा भुसा अंथरला असेल, तर कडक थंडीच्या दोन-चार दिवसांपुरता तो ओळींमधून बाजूला ओढा. आच्छादन उन्हाळ्यात सोन्यासारखं काम करतं, पण थंडीत ते मुळांना उबदार ठेवताना जमिनीची ऊब पानांपर्यंत पोचू देत नाही. गाजर, मुळा, लसूण यांच्यावर राहू द्या, त्यांचा जीव जमिनीखाली आहे. टोमॅटो-मिरचीखालचं काढा. तण मात्र लाटेच्या आधीच उपटून टाकलेलं बरं, तेही उन्हाला मातीपर्यंत पोचू देत नाही.

दुसरं काम पांघरुणाचं. जुनी लुगडी, साड्या, चादरी, उसवलेले गोणपाट, काहीही चालेल. दिवस मावळायच्या आधी टाकायचं. अंधार पडल्यावर टाकलं तर ऊब केव्हाच निघून गेलेली असते. बरेच जण कापड झाडाभोवती गुंडाळून बुंध्याशी बांधतात. त्याचा उपयोग नाही. माणूस गोधडी घेतो ती अंगातली ऊब धरायला. झाडाच्या अंगात ऊब नसते, ती असते खालच्या मातीत. म्हणून कापड तंबूसारखं जमिनीपर्यंत सोडायचं आणि कडांवर दगड ठेवायचे. बांबूच्या कामट्या वाकवून कमानी केल्या की कापड शेंड्याला टेकत नाही. नुसतं प्लॅस्टिक टाकणार असाल तर ते पानांना अजिबात लागू देऊ नका. लागेल तिथलं पान सकाळी काळं पडलेलं दिसेल. ऊन आलं की पांघरूण काढायचं, नाहीतर आत ओल कोंडून बुरशी येते. रोपवाटिकेला हे न चुकता करा, कोवळी रोपं आधी जातात.

गच्चीवरच्या कुंड्यांचं काम सोपं आहे. उघड्यावरून उचलून छज्ज्याखाली, दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीला टेकवून ठेवा. डोक्यावर आकाश दिसलं नाही की निम्मं काम झालं.

आणि धूर. पहाटे शेताच्या कडेला धूर करा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, अजूनही दिला जातो. माझं मत विचाराल तर त्यावर फार विसंबू नका. जमिनीची ऊब धुरातून सहज निसटते. तो ढगासारखी ती अडवू शकत नाही. शेकोटीचा फायदा होतो तो तिच्या आचेचा. एक मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते. छोट्या छोट्या पाच-सहा शेकोट्या वाफ्यांच्या कडेला लावल्या तर थोडं काही पदरात पडतं. टायर जाळू नका. भाजी वाचणार नाही आणि घरातली म्हातारीकोतारी खोकत बसतील.

गार हवा जड असते, ती उतारानं खाली वाहते आणि खोलगटात साचते. शेताच्या खालच्या अंगाला दाट कुंपण किंवा उंच बांध असेल तर ती तिथेच तुंबते. तिथे वाट मोकळी ठेवा, आणि काकडी-भोपळ्यासारखं नाजूक पीक त्या कोपऱ्यात पुढच्या वर्षी लावूच नका. उत्तरेच्या बाजूला शेवरी किंवा मक्याच्या दोन ओळी असल्या की बोचरं वारं अडतं.

सगळ्या भाज्यांसाठी धावाधाव करायची नाही. कोबी, पालक, मेथी, कांदा, लसूण आपल्याकडची थंडी सोसतात. गाजर आणि पालक तर थंडीत गोड होतात. वाटाण्याचं झाड टिकतं, त्याची फुलं आणि कोवळ्या शेंगा टिकत नाहीत. कांद्याची फार वाढलेली जाड रोपं लावू नका, थंडी लागली की त्यांना डेंगळे येतात आणि तो कांदा चाळीत टिकत नाही. कापडं कमी असतील तर ती आधी मिरची, टोमॅटो, वांगी आणि वेलभाज्यांवर टाका. टोमॅटोला रात्री सलग १० अंशांखालच्या आल्या की फुलं गळतात, तेव्हा नवीन फळांची आशा तेवढे दिवस सोडा. हिरवट पांढुरकी झालेली फळं तोडून घरात टोपलीत पिकवा, फ्रिजमध्ये नको. युरियाही या दिवसांत थांबवा. त्यानं जी कोवळी फूट येते, तीच थंडी आधी खाते.

एवढं करूनही काही झाडं काळवंडतील. लगेच छाटू नका. करपलेला शेंडा खालच्या डोळ्यांवर थोडं पांघरूण धरून असतो, आणि झाड नक्की कुठवर मेलं आहे हे आठ-दहा दिवसांशिवाय कळत नाही. तोवर बेताचं पाणी द्या. मिरची-वांगी बुडापासून फुटतात. फूट दिसली की तिच्या वर कापा. भोपळा, काकडी, दोडका मात्र काळा पडला की संपला. तो वेल उपटा आणि त्या जागी मेथी टाका.