विश्लेषण : पक्षबंदीने लोकशाही वाचते का?

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत जर्मनीतील ‘एएफडी’ हा कडवा उजवा पक्ष २०.८ टक्के मते मिळवून संसदेत दुसऱ्या क्रमांकावर आला. जूनमध्ये सत्तेत सहभागी असलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने त्याच्यावरील बंदीची तयारी सुरू करण्याचा ठराव केला. पण एक कोटीहून अधिक मते घेतलेला पक्ष न्यायालयाने संपवावा का?

तरतूद काय आहे?

लोकशाही व्यवस्था उलथवू पाहणारा पक्ष घटनाविरोधी ठरवण्याची सोय जर्मन राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये आहे. मात्र सरकारला स्वतः बंदी घालता येत नाही. सरकार किंवा संसदेचे एखादे सभागृह फक्त अर्ज करू शकते. निर्णय घटना न्यायालयाचा असतो आणि त्यासाठी आठपैकी सहा न्यायमूर्तींची सहमती लागते.

आजवर किती पक्षांवर बंदी?

दोनच. १९५२ मध्ये नाझी वारसा सांगणाऱ्या सोशलिस्ट राइश पार्टीवर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर. २०१७ मध्ये नवनाझी ‘एनपीडी’ पक्ष मात्र बचावला. त्याचे हेतू घटनाविरोधी आहेत, पण ते तडीस नेण्याची ताकद नाही, असे न्यायालय म्हणाले. त्यानंतर घटनादुरुस्ती झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच पक्षाचा सरकारी निधी सहा वर्षांसाठी बंद करण्यात आला.

पेच कुठे आहे?

पक्ष लहान असताना बंदीची गरज वाटत नाही आणि मोठा झाला की बंदीची हिंमत होत नाही. शिवाय बंदी म्हणजे शेवट नव्हे. १९२३ च्या फसलेल्या बंडानंतर नाझी पक्षावर बंदी आली होती. ती १९२५ मध्ये उठली आणि १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला.

मग उपाय काय?

बंदीचे हत्यार म्यानात असावे, पण त्याला गंज चढू देऊ नये. सबळ पुरावा असेल तर मतांच्या आकड्याला न घाबरता न्यायालयात जावे. केवळ प्रतिस्पर्धी जड जातो म्हणून मात्र कदापि नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संस्थांची तटबंदी. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीने घटना न्यायालयाची रचना आणि न्यायमूर्तींचा १२ वर्षांचा कार्यकाळ थेट राज्यघटनेत नोंदवला, म्हणजे साध्या बहुमताने त्यात ढवळाढवळ होणार नाही. हे शहाणपण अनुकरणीय आहे. बंदीने पक्ष जातो, त्याचा मतदार जात नाही. त्याची नाराजी दूर करण्याचे काम कोणतेही न्यायालय करू शकत नाही. ते राजकारणालाच करावे लागते.