एअरफोर्सचा पायलट निवृत्त झाला की थेट इंडिगोत? बारामतीच्या आकाशाखाली समजून घ्या लायसन्सचं गणित

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या लोकांना विमानाचं आता फारसं कौतुक राहिलेलं नाही. उसाला पाणी देताना डोक्यावरून घरघरत जाणारं छोटं विमान ही रोजचीच गोष्ट. गोजुबावीजवळच्या बारामती विमानतळावर पायलट घडवणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांचे विद्यार्थी याच शिवारावर उडायला शिकतात.

कधी कधी हे विमान शेतातही उतरतं. 25 जुलै 2022 ला बारामतीहून उडालेलं कार्व्हर एव्हिएशनचं सेस्ना 152 इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत कोसळलं. एकटीने विमान चालवणारी 22 वर्षांची विद्यार्थिनी सुदैवाने किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर 2023 मध्ये रेडबर्ड या संस्थेची दोन विमानं एकाच आठवड्यात बारामती तालुक्यात पडली, 19 तारखेला एक आणि 22 तारखेला दुसरं. त्यानंतर डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, या संस्थेचं प्रशिक्षणच काही काळ थांबवलं.

आता दुसरी बातमी आठवा. डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. पायलटना जास्त विश्रांती देणारे नवे नियम लागू झाले आणि त्या हिशोबाने कंपनीकडे पायलट कमी पडले. लोक विमानतळावर रात्र रात्र अडकले.

अशा वेळी कुणालाही सहज सुचेल असा प्रश्न म्हणजे, एअरफोर्स, नेव्ही आणि आर्मीतून दरवर्षी अनुभवी पायलट बाहेर पडतात, मग त्यांना सरळ एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसवायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि त्यामागे कारणंही आहेत. एकेक करून बघू.

आधी साधा रस्ता : 200 तास

बारामतीत शिकणारा पोरगा किंवा पोरगी कमर्शियल पायलट कशी होते, ते आधी समजून घेऊ. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. वय किमान 18. क्लास वन मेडिकल पास व्हावं लागतं. हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमानाचं तांत्रिक ज्ञान असे डीजीसीएचे पेपर द्यावे लागतात. रेडिओवर बोलण्याचं वेगळं लायसन्स लागतं. आणि लॉगबुकमध्ये किमान 200 तासांचं उड्डाण हवं.

या सगळ्याचा खर्च 50 लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. अनेक घरांमध्ये यासाठी कर्ज काढलं जातं, जमिनीचा तुकडा विकला जातो. एवढं करून हातात येतं ते कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल. एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला याच्या वरचं एटीपीएल लागतं आणि त्यासाठी किमान 1500 तास हवेत.

सैन्यातल्या पायलटकडे हे तास आधीच असतात. त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकारने केलेला असतो. वीस वर्षं नोकरी केलेल्या ट्रान्सपोर्ट पायलटच्या नावावर काही हजार तास सहज असू शकतात. म्हणजे बारामतीतल्या विद्यार्थ्याला जे सगळ्यात महाग पडतं, ते याच्याकडे भरपूर आहे. मग अडतं कुठे?

नियम काय म्हणतो?

2025 च्या 1 जानेवारीपासून देशात नवा भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. पण पायलटच्या लायसन्सचं जुनं गणित मांडलंय ते 1937 च्या विमान नियमांत. त्यातला नियम 41 आपल्या कामाचा आहे.

हा नियम सोप्या भाषेत असं सांगतो, की एअरफोर्स, नेव्ही किंवा आर्मीच्या पात्र पायलटने आपला उड्डाणाचा अनुभव, कौशल्य आणि शारीरिक तंदुरुस्ती समाधानकारकपणे सिद्ध केली, तर सरकार त्याला काही किंवा सगळ्या चाचण्या-परीक्षांतून सूट देऊ शकतं.

यातला 'देऊ शकतं' हा शब्द नीट वाचा. सूट हा हक्क नाही. ती मिळते किंवा मिळत नाही, आणि कशातून मिळते हे सरकार ठरवतं. त्यामुळे कितीतरी निवृत्त अधिकारी चाळिशीत पुन्हा वह्या-पुस्तकं काढून डीजीसीएच्या पेपरचा अभ्यास करताना दिसतात. ज्याने आयुष्यभर ज्युनिअर्सना शिकवलं, तोच आता विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून परीक्षा देतो.

हा अपमान आहे का? काही जणांना तसं वाटतं. पण खाली बघा.

तास सारखे, पण उडणं वेगळं

पहिला फरक मोजणीचा. नागरी नियमांत विमान उड्डाणासाठी हललं की घड्याळ सुरू होतं आणि उतरून पूर्ण थांबलं की बंद होतं. अनेक देशांच्या सैन्यात मात्र चाकं जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचाच वेळ धरतात. म्हणजे सैन्यातला एक तास नागरी हिशोबात कधी कधी एकाहून जास्त भरतो.

दुसरा फरक विमानाचा. फायटर पायलटचं एक उड्डाण साधारण तासाभराचं असतं. मिग-21 सारख्या विमानात इंजिन एक आणि पायलटही एकच. एअरलाइनचं विमान दोन इंजिनांचं आणि दोन पायलटचं. तिथे चेकलिस्ट एक जण वाचतो, दुसरा उत्तर देतो. एकाने चूक केली तर दुसऱ्याने ती मोठ्याने सांगायची असते. एएन-32 सारखं मालवाहू विमान उडवणारा एअरफोर्सचा पायलट या पद्धतीच्या जवळ असतो. एकट्याने उडणाऱ्याला ती नव्याने अंगी बाणवावी लागते.

तिसरा फरक हेलिकॉप्टरचा. आर्मीचे पायलट आपल्या नाशिकमध्येच घडतात, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये. पण ते उडवतात हेलिकॉप्टर, आणि हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं, विमानाचं वेगळं. सियाचीनला चीता हेलिकॉप्टर उतरवणारा पायलट कितीही भारी असला, तरी त्या तासांवर त्याला एअरबसचं लायसन्स मिळत नाही. त्याचा सरळ रस्ता जातो तो नागरी हेलिकॉप्टरकडे. मुंबईच्या जुहूवरून समुद्रातल्या तेलविहिरींवर कर्मचारी नेणारी हेलिकॉप्टर असोत की निवडणुकीत नेत्यांना फिरवणारी, या क्षेत्रात माजी सैनिकांचा वाटा मोठा आहे.

चौथी गोष्ट टाइप रेटिंगची. तुम्ही सुखोई उडवलं असेल किंवा सेस्ना, एअरबस ए-320 किंवा बोइंग 737 उडवायचं तर त्या मॉडेलचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागते. यातून कुणाचीच सुटका नाही.

मेडिकलची गंमत वेगळीच आहे. नागरी पायलटच्या मेडिकलसाठी वर्षानुवर्षं बंगळुरू आणि दिल्लीतल्या एअरफोर्सच्या केंद्रांवर जावं लागत आलंय. म्हणजे सिव्हिलवाल्यांना तपासणारे डॉक्टर गणवेशातले. तरीही एअरफोर्समधून बाहेर पडलेल्याला नागरी मेडिकल सर्टिफिकेट लागतंच.

साठे सरांची गोष्ट

महाराष्ट्राला या प्रवासातलं सगळ्यात ठळक नाव माहीत आहे ते विंग कमांडर दीपक साठे यांचं. खडकवासल्याच्या एनडीएत शिकले, 1981 मध्ये एअरफोर्समध्ये दाखल झाले, मिग-21 उडवलं, टेस्ट पायलट झाले. 2003 मध्ये निवृत्त झाल्यावर ते एअर इंडियाकडे वळले आणि पुढे एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये बोइंग 737 चे कॅप्टन होते.

7 ऑगस्ट 2020 ला दुबईहून आलेलं त्यांचं विमान कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पावसात पुढे घसरलं. त्यात त्यांच्यासह 21 जणांचा जीव गेला. वर्षभराने आलेल्या चौकशी अहवालाने विमान चालवणाऱ्या पायलटकडून ठरलेली कार्यपद्धती पाळली न जाणं, हे संभाव्य कारण म्हणून नोंदवलं. कॅप्टन आणि को-पायलट यांच्यातल्या समन्वयावरही अहवालाने बोट ठेवलं.

यावरून 'सैन्यातले पायलट सिव्हिलला चालत नाहीत' असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. तोवर त्यांना प्रवासी विमान उडवून बरीच वर्षं झाली होती आणि असे अपघात पूर्णपणे नागरी वळणाच्या पायलटकडूनही झालेत. मुद्दा एवढाच, की अनुभव कितीही मोठा असला तरी कॉकपिटमध्ये कार्यपद्धती त्याच्याहून मोठी असते. म्हणून 'एवढे तास आहेत ना, मग परीक्षा कशाला' हा युक्तिवाद टिकत नाही.

अमेरिका काय करते?

अमेरिकेत सैन्यातल्या पायलटला कमर्शियल लायसन्ससाठी पुन्हा उड्डाणाची परीक्षा द्यावी लागत नाही. कागदपत्रं आणि नागरी नियमांची एक लेखी परीक्षा पुरते. एअरलाइनच्या को-पायलटला तिथे साधारणपणे 1500 तासांची अट आहे. सैन्यातून आलेल्याला मर्यादित स्वरूपाचं लायसन्स 750 तासांवर मिळतं.

म्हणजे तिथे विभागणी स्पष्ट आहे. हाताचं कौशल्य सैन्याने तपासलंय, ते मान्य. नागरी नियम मात्र आम्ही तपासणार. कुणाला काय माफ आणि काय नाही, हे पायलटला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

मग आपणही रस्ता सोपा करायचा का?

करायला हवा, पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही.

एक म्हणजे कागदांची तपासणी. 2011 मध्ये खोट्या गुणपत्रिका देऊन लायसन्स मिळवलेले पायलट पकडले गेले होते, फुगवलेल्या तासांची प्रकरणंही बाहेर आली होती. सैन्यातले तास अधिकृत नोंदीतून पडताळूनच धरायला हवेत.

दुसरी म्हणजे एअरफोर्सची गरज. मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाल्यावर फायटर स्क्वाड्रन उरल्या 29, मंजूर आहेत 42. नवी विमानं आली की ती उडवायला पायलट लागणारच. पेन्शनसाठी अधिकाऱ्याला 20 वर्षांची सेवा लागते. विशी-बाविशीत भरती झालेला पायलट चाळिशीत बाहेर पडतो आणि नागरी उड्डाणाची वयोमर्यादा 65 आहे. म्हणजे त्याच्याकडे वीसेक वर्षं उरतात. त्याला त्या आधी ओढून नेण्याऐवजी, बाहेर पडल्यावर त्याचं एक-दीड वर्ष कागदपत्रांत वाया जाणार नाही एवढं पाहिलं तरी दोन्हीकडचं काम होईल.

बारामती-इंदापूरला याचं काय?

इथेच खरा मुद्दा आहे. निवृत्त पायलट म्हटलं की आपल्याला एअरलाइनचा कॅप्टन दिसतो. पण एअरफोर्स चेन्नईजवळच्या तांबरममध्ये खास इन्स्ट्रक्टर घडवते. नवख्या माणसाला पहिल्यांदा विमान हातात द्यायचं आणि तो चुकतोय हे वेळेत ओळखून थांबवायचं, हीच त्यांची विद्या. बारामतीच्या धावपट्टीला नेमकी हीच विद्या हवी आहे.

फ्लाइंग स्कूलमध्ये अनेकदा असं होतं, की नुकतंच लायसन्स मिळालेला तरुण तास वाढवण्यासाठी इन्स्ट्रक्टर होतो आणि एअरलाइनचं बोलावणं आलं की निघून जातो. ऑक्टोबर 2025 मध्ये डीजीसीएने देशातल्या फ्लाइंग स्कूलचं पहिलं रँकिंग काढलं, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. शिकवण्याचा दर्जा हा प्रश्न किती खरा आहे, हे यावरून कळतं.

म्हणून सैन्यातल्या अनुभवाचं नागरी लायसन्समध्ये रूपांतर सोपं करायचंच असेल, तर सुरुवात इन्स्ट्रक्टरच्या सीटपासून व्हावी. उड्डाण-कौशल्याच्या चाचणीत सूट द्यावी, नागरी नियमांचा पेपर मात्र घ्यावाच, आणि हे सगळं 'देऊ शकतं' वर न ठेवता किती दिवसांत उत्तर मिळेल हे लिहून द्यावं.

याचा फायदा 50 लाख भरणाऱ्या विद्यार्थ्याला होईल. आणि कडबनवाडीत किंवा गोजुबावीत खाली शेतात काम करणाऱ्या, आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या माणसालाही होईल.

तुमच्या गावावरून अशी विमानं जातात का? तुमच्या घरातलं कुणी सैन्यातून पायलट म्हणून बाहेर पडलंय का? त्यांचा अनुभव कमेंटमध्ये नक्की सांगा.